सोलापूरजवळची नदीकाठची छोटी चाल: आधी पाणी विचारा, मग वाट ठरवा

प्रश्न असा आहे: घर सोलापुरात, रविवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत परत यायचं, बरोबर सत्तरीला टेकलेले वडील आणि चौथीतली मुलगी. गड चढायचा नाही. नदीकाठानं दोन-तीन किलोमीटर चालायचं, डोळ्यांना बरं वाटावं आणि मुलीला सांगण्यासारखं काही जुनं हाती लागावं. कुठं जावं आणि बेत कसा आखावा?

सरळ उत्तर आधी देतो. डिसेंबर-जानेवारीतला एखादा रविवार धरा आणि माचणूरला जा. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं देऊळ, देवळाला लागून घाट, जवळच मोगली किल्ला आणि शेजारी ब्रह्मपुरी. सोलापूरहून मंगळवेढा रस्त्यानं साधारण चाळीस किलोमीटर. दुसरा पर्याय हत्तरसंग कुडलचा, तोही अंतरानं जवळपास तेवढाच. वडिलांचे गुडघे फारच कुरकुरत असतील तर पंढरपूर. तिन्हींबद्दल सांगतो, पण त्याआधी पाण्याबद्दल बोलू. आपल्याकडं नदीकाठचा बेत फसतो तो बहुतेक वेळा पाण्याची चौकशी न करता निघाल्यामुळं. अंतर, चढ-उतार, गाडी कुठं लावायची याची चौकशी सगळे करतात. नदीला आज पाणी किती, हे कुणी विचारत नाही.

डोंगरातल्या ओढ्याचं सोपं असतं: पाऊस आला की फुगतो, थांबला की उतरतो. भीमा तशी राहिलेली नाही. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं आणि तेव्हापासून खालच्या पात्रात किती पाणी वाहायचं हे बरंचसं धरणाच्या दरवाज्यांवर ठरतं. सोलापुरात आठवडाभर ढग दिसलेला नसतो, तरी तिकडं पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो. वरची धरणं भरतात, उजनी भरतं आणि भीमेत विसर्ग सुरू होतो. त्यातही एक गोष्ट लोक विसरतात. नीरा नदी नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते, म्हणजे उजनीच्या खाली. त्यामुळं पावसाळ्यात उजनीचा आकडा बघून भागत नाही, वीर धरणातून नीरेत किती सोडलंय तेही बघावं लागतं. पंढरपूर, माचणूर, कुडल या सगळ्या ठिकाणी या दोन्हींची बेरीज येते. स्थानिक वर्तमानपत्रांत हे आकडे क्युसेकमध्ये छापून येतात. पंढरपूरचा जुना दगडी पूल पाण्याखाली गेला अशी बातमी वाचली की खालच्या सगळ्या घाटांचा बेत मुकाट्यानं पुढं ढकलावा.

उन्हाळ्यातही असंच होतं, फक्त उलट्या कारणानं. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडून ते औज बंधाऱ्यात अडवायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. हे पाणी पात्रातून औजपर्यंत पोहोचायला आठवडाभर तरी जातो. म्हणजे एप्रिलमध्ये शनिवारी कोरडं असलेलं पात्र पुढच्या शनिवारी वाहतं दिसू शकतं. मुलं पात्रातल्या वाळूवर खेळत असतील, तर हे माहीत असलेलं बरं.

आता हिवाळ्याचं. भीमेवर ठिकठिकाणी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांना दारं घालतात, त्यांनाच बर्गे म्हणतात, आणि पाणी अडवतात. पुढं शेतीला उपसा होत होत उन्हाळ्यात तळ दिसू लागतो. हे एवढं ध्यानात घेतलं की ‘डिसेंबर-जानेवारी’ असं का म्हटलं ते कळेल. त्या दिवसांत दारं घातलेली असतात, फुगवट्याचं पाणी घाटाच्या पायऱ्यांना टेकलेलं असतं, वारा पडलेला असतो आणि सकाळी सातला त्या पाण्यावर समोरचा काठ उलटा दिसतो. मार्चच्या शेवटी त्याच घाटावर उभं राहिलात तर खाली चिखल, शेवाळ आणि जलपर्णी. जागा तीच, पण मुलीला पुन्हा यावंसं वाटणार नाही.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी माणसाला विचारा. माचणूरच्या फाट्यावरच्या चहावाल्याला, देवळातल्या पुजाऱ्यांना, ओळखीच्या कुणा शेतकऱ्याला. प्रश्न दोनच: पाणी कुठल्या पायरीपर्यंत आहे, आणि खालच्या बंधाऱ्याची दारं घातली आहेत की काढली आहेत. या दोन उत्तरांवर सगळा बेत ठरतो.

पुराची गंमत समजू नका, हे सांगायला इतिहासातलाच एक दाखला आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. सांगोला तालुक्यातलं खवासपूर माण नदीच्या काठी आहे. माण म्हणजे वर्षातले बरेच महिने कोरडी. 1700 साली साताऱ्याच्या बाजूच्या मोहिमेनंतर औरंगजेबाची छावणी तिथं पडली होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री माणेला लोंढा आला आणि छावणीत एकच आरडाओरडा झाला. मराठे आत घुसले असं वाटून म्हातारा बादशहा घाईनं उठला, अडखळून पडला आणि त्याचा गुडघा निखळला. तो उरलेलं आयुष्य लंगडत चालला. आपल्या पिढीचंच म्हणाल तर ऑक्टोबर 2020 आणि सप्टेंबर 2025 ही नावं जिल्ह्यात कुणालाही विचारा. 2025 मध्ये तर सीना नदीच्या पुरानं महामार्ग बंद पाडले. पितृपक्ष ते दसरा या काळात आकाश कितीही निळं असो, मी नदीकाठचा बेत घेत नाही आणि तुम्हालाही घ्या म्हणणार नाही. दसऱ्यानंतर काठ वाळायला तीन-चार आठवडे द्या, मग काढा.

आता माचणूर.

मोहोळ तालुक्यातलं बेगमपूर आलं की समजा पोहोचलात. पूल ओलांडला की मंगळवेढा तालुका आणि माचणूर. बेगमपूरला काठावरच औरंगजेबाच्या घराण्यातल्या एका बेगमेची कबर आहे. साधी, चिरेबंदी, नदीवर झुकल्यासारखी. बादशहा समोरच्या काठावर तळ देऊन असताना ती वारली असं सांगतात. जाताना थांबू नका, येताना वेळ उरला तर पाच मिनिटं पाहा. जाताना थांबलात तर उन्हाची वेळ गाठाल.

सिद्धेश्वराच्या देवळापासून सुरुवात करा. वडिलांना इथून पुढं चालणं जमलं नाही तरी हरकत नाही, कारण नुसत्या घाटावर बसूनसुद्धा सकाळ वसूल होते. पायऱ्या पात्रात उतरतात, आणि पात्रातच जटाशंकराचं छोटं देऊळ आहे. पाणी कमी असेल तर तिथपर्यंत जाता येतं, फुगवटा असेल तर लांबून हात जोडायचे. पायऱ्यांवर एक नियम पाळा: ज्या पायरीवर हिरवी साय दिसते तिच्यावर पाय ठेवायचा नाही, आणि मुलीला पाण्याच्या बाजूला कधीच चालू द्यायचं नाही. दगड ओला नसला तरी शेवाळ निसरडंच असतं.

देवळाकडून किल्ल्याकडं काठाकाठानं चाला. अंतर फार नाही. थांबत, बघत, परत देवळापाशी येईपर्यंत दोन-अडीच किलोमीटरच्या आसपास चाल होते. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असलं की ताशी दीड किलोमीटरचा वेग धरावा. कागदावर हास्यास्पद वाटतो, पण प्रत्यक्षात तसाच पडतो, कारण मुलगी दर पन्नास पावलांवर काहीतरी उचलणार आणि वडील दर शंभर पावलांवर कुणाशी तरी ‘कुठलं गाव तुमचं’ काढणार. दोन्ही होऊ द्या. त्याचसाठी तर आलात.

काठावर बाभूळ आणि वेडी बाभूळ, मधून करंज, चिंच. पाण्यावर पक्षी भरपूर. कवड्या खंड्या एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो, हे मुलीला एकदा दाखवलं की ती बाकी सगळं विसरते. शेकाट्या, राखी बगळा, पाणकावळे, वाळूवर शेपटी हलवत पळणारा धोबी. तारेवर वेडे राघू रांगेनं बसलेले असतात. दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर अडत नाही. काठाच्या वर काळ्या रानात शाळू उभा असतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच मातीमुळं, हे वडिलांना माहीत असेलच. नदीच्या लगतच्या पट्ट्यात मात्र आता ऊसच जास्त दिसतो.

किल्ला छोटा आहे आणि बराच ढासळलेला आहे. बुरूज, तटाचे तुकडे, आत मशीद. ज्यानं सिंहगड, रायगड पाहिलाय तो म्हणेल, एवढाच? इथंच गोष्ट सांगायची असते, कारण माचणूरला बघण्यासारखा किल्ला नाहीच मुळी. बघायचं ते किल्ल्याभोवतीचं रान.

1695 च्या मे महिन्यात औरंगजेब इथं ब्रह्मपुरीला आला आणि 1699 च्या ऑक्टोबरपर्यंत त्याचा मुख्य तळ इथंच राहिला. ब्रह्मपुरीचं नाव बदलून इस्लामपुरी केलं, पण ते टिकलं नाही. गाव आज ब्रह्मपुरीच आहे. दिल्लीचा बादशहा साडेचार वर्षं आपल्या मंगळवेढा तालुक्यात राहिला, तिथून काबूलपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंतचा कारभार बघितला, हे सोलापुरातल्या किती जणांना माहीत आहे ते तुम्हीच विचारून बघा. छावणी म्हणजे काही शंभर-दोनशे तंबू नव्हेत. त्याच वर्षी, ब्रह्मपुरीला यायच्या जरा आधी, छावणी कृष्णाकाठी गलगल्याला असताना जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी तिथं जाऊन बादशहाला भेटला होता. त्यानं छावणीचा घेर तीस मैल लिहिला आहे. आकडा फुगवलेला असेलही, पण निम्मा धरला तरी तुम्ही उभे आहात तिथून नजर जाईल तिथवर तंबू, बाजार, हत्ती, घोडे, उंट. त्या सगळ्यांना पाणी हवं, वैरण हवी, सपाट कोरडी जमीन हवी. मुलीला बुरुजावर उभं करून विचारा: एवढी माणसं आणि जनावरं घेऊन तुला कुठं राहायचं असतं, तर तू काय बघितलं असतंस? ती नदीकडं बोट दाखवेल. झालं, छावणी इथंच का पडली हे तिचं तिला कळलं.

आणि या तळावर बातम्या कुठल्या येत होत्या? 1695 च्या नोव्हेंबरात मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपडे यांनी दोड्डेरीला मोगली सरदार कासिमखानाला कोंडलं. 1696 च्या जानेवारीत बसवापट्टणला दुसरा मोगली सरदार हिंमतखान पडला. दोन्ही खबरा इथं, या काठावर पोहोचल्या. पुढं 1697 मध्ये संताजींचा शेवट झाला, 1698 च्या सुरुवातीला जिंजी पडली, पण तोवर राजाराम महाराज निसटून गेले होते. शेवटी 1699 च्या ऑक्टोबरात बादशहा स्वतः साताऱ्याकडं निघाला. जडजवाहीर, कुटुंबकबिला, वजीर असदखान मागं इथंच ठेवून. रायगड पडल्यावर, 1689 मध्ये, कैदेत गेलेले येसूबाई आणि बाळ शाहू यांचीही ही सगळी वर्षं बादशाही छावणीतच गेली. पुढं सातारला छत्रपती झालेला मुलगा. त्याचं वय ब्रह्मपुरीला तळ पडला तेव्हा तेरा. चौथीतल्या मुलीला लढायांच्या सनावळ्यांत रस नसतो. पण आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठा मुलगा याच नदीचं पाणी पीत कैदेत वाढत होता, हे सांगितलं की ती ऐकते.

गावात तुम्हाला आणखी एक कथा ऐकायला मिळेल, बहुतेक पहिल्या पाच मिनिटांतच. बादशहानं सिद्धेश्वराला नैवेद्य म्हणून मांसाचं ताट पाठवलं, झाकण काढलं तर आत पांढरी फुलं. गावाच्या नावाची उपपत्तीही त्यावरून सांगतात. सांगणाऱ्याला मध्येच तोडू नका, पूर्ण ऐका. छावणीचा इतिहास कागदांत आहे, ही कथा लोकांत आहे, आणि इतका मोठा तळ दाराशी येऊनही देऊळ टिकलं याबद्दल गावानं स्वतःला दिलेलं ते उत्तर आहे. मुलीला दोन्ही सांगा, फक्त कुठलं कशातलं ते वेगळं सांगा.

एका चालीला एकच गोष्ट, असं माझं ठाम मत आहे. माचणूर पाहून तसंच मंगळवेढ्याला दामाजीपंत, चोखोबा, कृष्ण तलाव आणि येताना आणखी काही, असा बेत लोक आखतात. मग दुपारी तीनला मूल गाडीत झोपलेलं, वडील चिडलेले आणि कुठलंच काही लक्षात नाही. मंगळवेढा मोठं गाव आहे, त्याला वेगळा दिवस द्या.

कुडलचा बेत याहून निराळा आहे. विजयपूर रस्त्यानं वडकबाळला सीनेचा पूल ओलांडायचा आणि पुढं आत वळून हत्तरसंगकडं जायचं. वळण फाट्यावर विचारून घ्या, आतले रस्ते पावसाळ्यानंतर कसे असतील याचा नेम नसतो. इथं भीमा आणि सीना एकत्र येतात. समोरचा काठ कर्नाटक. अलीकडंही घराघरांत कानडी आणि मराठी दोन्ही चालतात. वाट विचारताना पहिलं उत्तर कानडीत आलं तर गोंधळू नका, दुसरं मराठीत येतं.

चाल माचणूरपेक्षाही छोटी, पण बघायचं जास्त आणि बारकाईचं. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर एक शिलालेख आहे, शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. सोलापूरचेच शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली मराठी ओळ ‘वाछि तो विजेया होईवा’ अशी वाचतात. जो वाचील तो विजयी होईल, असा आशय. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख 1012 चा, त्यामुळं पहिला कोणता यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही त्यात पडू नका. हजार वर्षांपूर्वीची मराठी डोक्यावरच्या तुळईवर आहे आणि ती वाचायला तिकीट नाही, एवढं पुरे.

वाचायची एक युक्ती आहे. समोरून टॉर्च मारला की अक्षरं सपाट होऊन नाहीशी होतात. मोबाइलचा उजेड बाजूनं, दगडाला जवळजवळ घासून टाका. मग खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. एकानं उजेड धरायचा, दुसऱ्यानं फोटो काढायचा. खडू, हळद, तेल, पाणी यातलं काहीही दगडाला लावायचं नाही. कुणी लावताना दिसलं तर नम्रपणे सांगा, पण सांगा.

जवळच हरिहरेश्वराचं देऊळ. हे मातीखाली गाडलेलं होतं, 1999 मध्ये माती उपसून बाहेर काढलं. चालुक्यकालीन बांधणी, मधोमध उघड्या छताचा स्वर्गमंडप, आणि याच उत्खननात सापडलेलं ते बहुमुखी शिवलिंग. जवळपास माणसाच्या उंचीचं, अंगावर 359 मुखं कोरलेली. लिंग स्वतः धरून 360 असं सांगतात. मुलीला एक ओळ निवडून मोजायला लावा, आणि प्रत्येक चेहरा सारखाच आहे का ते बघायला सांगा. अर्धा तास तुम्हाला निवांत मिळेल. वडिलांना खांबांवरचं काम आवडेल. सकाळचं तिरपं ऊन असतानाच कोरीव काम खरं दिसतं. अकरानंतर सगळं पांढरंफटक.

तिथून संगमाकडं उतरा. पाणी कमी असेल तर दोन नद्यांच्या मध्ये वाळूची जीभ दिसते आणि तिच्या टोकापर्यंत जायचा मोह होतो. जाऊ नका, किंवा गावातला माहीतगार पुढं असल्याशिवाय जाऊ नका. आपल्या नद्यांतून इतकी वाळू उपसली गेली आहे की वरून घोट्याएवढं दिसणारं पाणी पुढच्याच पावलाला पुरुषभर खोल असतं. बुडालेल्यांच्या बातम्या वाचा, त्यात पोहता येणारेही असतात. ही एक गोष्ट मी कुणाला सवलत म्हणून सोडत नाही: छोट्या चालीत कुणीही गुडघ्यापेक्षा वर पाण्यात जायचं नाही आणि अनोळखी पात्रात तर पायही घालायचा नाही.

संक्रांतीला कुडलला स्नानासाठी दोन्ही राज्यांतून माणसं येतात, आणि महाशिवरात्र व श्रावणी सोमवारी माचणूरला. जत्रा बघायची असेल तर जरूर जा, पण ती चाल नव्हे. येळवशीच्या दिवशी मात्र मुद्दाम निघा. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला सगळं दक्षिण सोलापूर रानात जेवायला बसलेलं असतं, आणि बांधावरून जाणाऱ्याला आंबील, भज्जी घेतल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. त्या दिवशी डबा कमी न्या.

वेळेचं सांगतो. जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. सहाला घर सोडा, सातला माचणूर, साडेनवापर्यंत चालणं उरकलेलं, मग घाटावर सावलीत बसून खाणं, अकराला परतीची गाडी. जानेवारीतही दुपारचं ऊन सोलापूरचंच असतं. माणशी दोन लिटर पाणी गाडीत असू द्या, अंगावर एक-एक लिटर. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून परतीची वेळ तासभर अलीकडं ओढा, आणि होळीनंतर हा बेत पुढच्या हिवाळ्यावर टाका. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा म्हाताऱ्या माणसाला उघड्या काठावर फिरवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा, घट्ट दही. कडक भाकरी चुरत नाही, विटत नाही आणि सांडली तर चिमण्यांना होते. कुरकुऱ्यांची पाकिटं नेलीत तर ती काठावर उडणार आणि शेवटी बंधाऱ्याच्या दारात जाऊन अडकणार.

पायात बूट हवेत, चपला नकोत, पण देवळात ते काढावे लागतात आणि उशीर झाला तर फरशी तापते. जाड मोजे ठेवा. काळ्या मातीचा काठ वरून टणक दिसतो पण पाण्यानं खालून पोखरलेला असतो, म्हणून कडेपासून चार-पाच हात आत चाला. गवत दाट असेल तिथं काठी आपटत जा. घोणस आणि नाग दोन्ही या भागात आहेत, आणि घोणस पायाखाली येईपर्यंत हलत नाही. तटावर किंवा झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर खालून जाताना धूर नको, आरडाओरडा नको, अत्तरही नको.

साप आणि माश्यांना लोक घाबरतात. मला जास्त भीती वाटते ती मोटारींच्या वायरींची. काठावर शेतकऱ्यांचे पंप असतात, त्यांच्या केबली जमिनीवरून, कधी ओल्या चिखलातून गेलेल्या असतात, जोड उघडे असतात. लाइट कधी येईल सांगता येत नाही, आणि आली की त्याच केबलीत करंट. वायर दिसली की ओलांडायची नाही, वळसा घालायचा, आणि मुलीला हे घरीच, निघायच्या आधी सांगून ठेवायचं. पंपाजवळ मालक असेल तर त्यालाच विचारा, तो सुरक्षित बाजू दाखवतो. तसंही काठापर्यंतची जमीन बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी मालकीची असते. ‘मालक, इथून खाली जाऊ का?’ एवढं विचारलं की अडवणारा क्वचितच भेटतो, आणि हुरड्याचे दिवस असतील तर एखादवेळी आगटीपाशी बसायचं बोलावणंही येतं. उभ्या शाळूतून वाट काढायची नाही, बांधावरूनच जायचं.

रस्त्याचा धोका नदीपेक्षा कमी नाही. नोव्हेंबर ते मार्च गाळप हंगाम, म्हणजे पहाटेच्या अंधारात विनादिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या. सहाच्या आधी निघू नका म्हणतो ते त्यासाठी. आणि घरातल्या बायका बरोबर असतील तर स्वच्छतागृहाची सोय सोलापूर सोडण्यापूर्वी किंवा महामार्गावरच्या पंपावर उरकून घ्यायला सांगा; काठावर गेल्यावर हा प्रश्न निघाला की चाल तिथंच संपते.

राहिलं पंढरपूर. अंतर जास्त, सोलापूरहून सत्तरच्या घरात. पण काठाला घाट बांधलेले, बसायला जागा, चहा, दवाखाना, रिक्षा सगळं हाताशी. महाद्वार घाटावर पुंडलिकाला नमस्कार करून दक्षिणेकडं निघा. विष्णुपद साधारण किलोमीटरभर, पात्रातला दगडी मंडप, 1785 च्या सुमाराचा. मार्गशीर्षात विठ्ठल तिथं मुक्कामाला असतो अशी श्रद्धा आहे, आणि त्या महिन्यात पंढरपूरकर डबे घेऊन तिथं वनभोजनाला जातात. तुमच्या बेताला याहून सोयीचा महिना नाही. दम उरला तर तसंच पुढं गोपाळपूर, टेकाडावरचं गोपाळकृष्णाचं देऊळ आणि जनाबाईचं म्हणून दाखवतात ते जातं. दमले तर रिक्षानं परत. एकादशी आणि तिच्या आगेमागचे दोन-दोन दिवस सोडा. पाऊस चालू असेल तर घाटाच्या उंच भिंतींच्या आडोशाला उभं राहू नका. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले, ते सगळे आडोशालाच थांबले होते.

वडील माचणूरच्या पायऱ्या चढू शकतील की नाही अशी शंका असेल तर आधी घरच्या जिन्यावर बघा. दोन मजले न थांबता, बोलत बोलत चढले तर माचणूर. मध्ये कठडा धरून थांबावं लागलं तर पंढरपूर, आणि विष्णुपदापासून परत.